पिकअपचा एसी आणि हीटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिकअपच्या एसीबद्दल विचारणाऱ्या बहुतेकांचं निदान आधीच ठरलेलं असतं: गॅस संपला. पुष्कळदा गॅसचा काही संबंध नसतो. आणि गॅस खरोखर कमी झालेला असला, तरी तो कुठून गेला हा प्रश्न उरतोच. म्हणून खालच्या उत्तरांत कुठला पार्ट बदलायचा यापेक्षा बिघाड नेमका कधी दिसतो यावर भर आहे: उभी असताना की धावताना, इंजिन थंड असताना की तापल्यावर, मोकळ्या गाडीला की भरलेल्या.

बोनेट उघडून काही तपासताना सैल बाही, ओढणी, लोंबती चेन पट्ट्यापासून लांब ठेवा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

१. एसी आणि हीटर एकाच जाळीतून येतात. मग यंत्रणा एकच आहे का?

वारा एकच, बाकी सगळं वेगळं. ब्लोअर हवा ढकलतो, ती आधी कूलिंग कॉइलमधून जाते. पुढे एक फ्लॅप ठरवतो की त्यातली किती हवा हीटर कोअरमधून न्यायची आणि किती तशीच पुढे सोडायची. त्यानंतरचे फ्लॅप हवा तोंडावर, पायावर की काचेवर जायची ते बघतात.

हीटरची उष्णता इंजिनच्या गरम कूलंटमधून येते. एसीचं काम गॅसचं. कंप्रेसर तो दाबतो, रेडिएटरपुढच्या कन्डेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर जाऊन तो द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटताना त्याचा दाब एकदम पडतो आणि कूलिंग कॉइलमध्ये उकळताना तो केबिनमधली उष्णता खेचतो.

यावरून पहिली चाळणी लावता येते. गार होतं पण गरम होत नाही, तर कूलंटची बाजू किंवा फ्लॅप. गरम होतं पण गार होत नाही, तर गॅसची बाजू किंवा फ्लॅप. वाराच नाही, तर ब्लोअर. दोन्ही एकाच दिवशी बिघडले तर दोघांत सामायिक असलेल्या गोष्टींवर संशय घ्या.

२. वारा जोरात येतो, पण गार नाही. सुरुवात कुठून करू?

इंजिन चालू ठेवून बोनेट उघडा आणि कुणाला तरी आत बसवून एसीचं बटण दाबायला सांगा. कंप्रेसरची पुली एसी बंद असतानाही फिरतच असते. बघायची ती तिच्या तोंडावरची चकती, म्हणजे क्लच. बटण दाबल्यावर 'टक' आवाज होऊन ती पुलीबरोबर फिरायला लागली पाहिजे. फिरत नसेल तर प्रश्न ५ कडे जा.

चकती फिरतेय? मग चार-पाच मिनिटांनी कूलिंग कॉइलकडून कंप्रेसरकडे येणारा जाड पाइप चाचपा. तो गारेगार असेल आणि त्यावर पाणी जमलं असेल, तर गॅसची बाजू बहुधा आपलं काम करतेय आणि गार झालेली हवा आत कुठेतरी गरम हवेत मिसळतेय (प्रश्न ११). कंप्रेसरकडून कन्डेन्सरकडे जाणाऱ्या पाइपला मात्र हात लावू नका, तो चटका बसेल इतका तापतो.

बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच नसलेला कंप्रेसर असतो. तो सतत फिरतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह त्याचं काम कमी-जास्त करतो. तिथे 'टक' ऐकू येणारच नाही. ती खराबी समजू नका.

एसी खरंच बिघडलाय की नुसतं ऊन जास्त आहे, असा संशय असेल तर आतली हवा फिरवण्याचा मोड लावा आणि मधल्या जाळीत थर्मामीटर खोचा. साधारण हवामानात ५ ते १० अंश सेल्सिअस दिसायला हवं. बाहेर ३५ अंश आणि हवा दमट असेल तर १२-१३ अंशांनाही नावं ठेवू नयेत.

३. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. हे नेहमीचंच ना?

नाही. गॅस डिझेलसारखा खर्च होत नाही, तो तिथल्या तिथे फिरतो. रबरी पाइप आणि सील यांतून अगदी थोडा झिरपतो, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी कूलिंग किंचित उतरलं तर समजण्यासारखं आहे. दर वर्षी भरावा लागत असेल तर लीक आहे, आणि लीक न शोधता गॅस भरून देणारा तुम्हाला पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक करून ठेवतोय.

पिकअपमध्ये पहिली नजर कन्डेन्सरवर टाका. तो सगळ्यात पुढे असतो आणि कच्च्या रस्त्यावरचे खडे आधी त्यालाच लागतात. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे गॅस सुटतो तिथे तेलही येतं आणि त्यावर धूळ बसते. बारीक पत्र्यांवर अंगठ्याएवढा काळपट डाग दिसला, बाकीची धूळ कोरडी आणि एवढीच ओलसर, बोट लावल्यावर बोट तेलकट, तर जागा जवळपास सापडलीच. त्यानंतर पाइपांचे जोड, गॅस भरायच्या नळ्यांच्या टोप्यांखालच्या पिना आणि कंप्रेसरच्या शाफ्टचं सील बघा. त्या टोप्या हरवलेल्या असतील तर आधी त्या बसवा.

४. मेकॅनिकने व्हॅक्यूम काढून बघितलं, टिकलं. तरी दोन महिन्यांत गॅस गेला. असं कसं?

व्हॅक्यूम काढल्यावर, म्हणजे आतली हवा पंपाने ओढून घेतल्यावर, बाहेरची हवा पाइपावर जास्तीत जास्त १४-१५ पीएसआयने आत दाबते. गाडी चालू असताना कन्डेन्सरकडच्या पाइपात दाब २०० पीएसआयच्या वर जाऊ शकतो आणि तो आतून बाहेर. एखादं सील व्हॅक्यूममध्ये घट्ट बसतं आणि दाबात उघडतं. म्हणून व्हॅक्यूम टिकला यावरून मोठं भोक नाही एवढंच कळतं.

खात्रीसाठी नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहतात, किंवा यूव्ही रंग सोडून काही दिवस गाडी चालवतात आणि मग निळ्या दिव्याखाली शोधतात. बाहेर कुठेच काही दिसत नसेल तर डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल उरते. तिचं पाणी खाली पडण्याची जी नळी असते, तिच्या तोंडाशी रंग किंवा तेल दिसलं तर कॉइलच फुटली आहे. हे काम डॅशबोर्ड खोलण्याचं, त्यामुळे बाकीच्या जागा नीट तपासल्याशिवाय या निष्कर्षावर येऊ नका.

५. कंप्रेसरचा क्लच ओढतच नाही, किंवा ओढतो आणि लगेच सोडतो. कारण काय?

दर काही सेकंदांनी ओढ-सोड चालू असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी आहे. दाब ठरावीक पातळीखाली गेला की लो-प्रेशर स्विच कंप्रेसर बंद करतो, कारण गॅस नाही म्हणजे तेलही फिरत नाही आणि कंप्रेसर जाम होतो. हा स्विच वायर जोडून बायपास करून देणारे लोक आहेत. तसं करू नका, दहा मिनिटांच्या गारव्यासाठी कंप्रेसर घालवाल.

अजिबात ओढत नसेल तर फ्यूज बघा, मग रिले. फ्यूजबॉक्समध्ये तोच पार्ट नंबर असलेला दुसरा रिले, पुष्कळदा हॉर्नचा, अदलाबदल करून लावता येतो. तरीही नाही तर क्लचच्या वायरीवर १२ व्होल्ट येतात का ते मोजा. येत असतील आणि ओढत नसेल तर दोष क्लचमध्ये, येत नसतील तर दाब, सेन्सर किंवा कंट्रोलकडे मागे मागे जायचं.

एक फसवा प्रकार आहे: सकाळी व्यवस्थित, दुपारी इंजिन तापल्यावर बंद, संध्याकाळी पुन्हा चालू. इथे चकती आणि पुली यांच्यातली फट झिजून वाढलेली असते. क्लचच्या तापलेल्या विद्युतचुंबकी कॉइलची ओढ कमी पडते आणि तेवढी फट तिला पार करता येत नाही. इंजिन बंद करून फीलर गेजने मोजा. बऱ्याच कंप्रेसरवर ती ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी लागते, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. काही क्लचमध्ये आतलं पातळ वॉशर काढून फट कमी करता येते. असा कंप्रेसर विनाकारण बदलल्याची उदाहरणं कमी नाहीत.

बाहेरचं तापमान शून्याच्या आसपास असेल तर पुष्कळ गाड्या कंप्रेसर मुद्दाम लावत नाहीत. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

६. गेज लावले तर आकडे वाचायचे कसे?

खालचे आकडे आर-१३४ए गॅसचे आहेत (गॅसचे प्रकार प्रश्न २३ मध्ये). गाडी चालू, एसी पूर्ण, हवा मध्यम गरम असताना लो साइड (कूलिंग कॉइलकडून कंप्रेसरकडे येणारी कमी दाबाची बाजू) साधारण २५ ते ४५ पीएसआय आणि हाय साइड (कंप्रेसरकडून कन्डेन्सरकडे जाणारी) १५० ते २५० पीएसआय. ऊन वाढलं की दोन्ही वर सरकतात.

दोन्ही आकडे कमी: गॅस कमी. दोन्ही जास्त: गॅस जास्त भरलाय, आत हवा राहिलीय, किंवा कन्डेन्सरला वारा मिळत नाही (प्रश्न ८). लो जास्त आणि हाय कमी: कंप्रेसर दाब बनवत नाही. लो जवळपास शून्यावर किंवा व्हॅक्यूममध्ये: मध्ये कुठेतरी तुंबलंय.

एक गैरसमज मात्र मुळापासून काढायला हवा. गाडी बंद असताना दोन्ही बाजू सारख्या होतात आणि ३० अंशांच्या हवेत १३४ए सुमारे ९५ पीएसआय दाखवतो. 'एवढा दाब आहे म्हणजे गॅस भरपूर आहे' असं म्हणणं चूक. आत द्रवाचा थोडासा साठा जरी असेल तरी दाब तोच दिसतो, कारण तो तापमानावर ठरतो. अर्धा गॅस गेलेली आणि पूर्ण भरलेली गाडी बंद अवस्थेत गेजवर सारख्याच दिसू शकतात. किती गॅस आहे हे कळण्याचा पक्का मार्ग एकच: तो काढून घेऊन वजन करणे.

७. बाजारात मिळणाऱ्या डब्यातून मी स्वतः गॅस भरू का?

मी नको म्हणेन. बोनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं वजन ग्रॅममध्ये दिलेलं असतं. एकाच कॉइलच्या पिकअपला ते बऱ्याचदा अर्धा किलोच्या आसपास असतं, त्यात शंभर ग्रॅमचा फरक गारव्यावर दिसतो. आत किती शिल्लक आहे हे ठाऊक नसताना डब्याने अंदाजे भरलं तर जास्त होण्याचीच भीती, आणि जास्त गॅस कमी गॅसइतकाच त्रास देतो.

त्यातून काही डब्यांत लीक बुजवणारं सीलंट मिसळलेलं असतं. ते व्हॉल्व्हमध्ये आणि गॅस काढून घेणाऱ्या मशीनमध्ये चिकटून बसतं. तसा डबा आधी वापरला असेल तर गॅरेजला आधीच सांगा. तरीही भरायचाच असेल तर फक्त लो साइडने भरा आणि डबा कधीही गरम पाण्यापेक्षा वेगळ्या उष्णतेवर धरू नका. पाणीसुद्धा कोमटच.

८. हायवेला मस्त गार, सिग्नलला उभी राहिली की गरम. का?

कन्डेन्सरला वारा मिळत नाही. धावताना तो आपोआप मिळतो, उभी असताना फक्त फॅनचा आधार. इलेक्ट्रिक फॅन असेल तर एसी लावल्यावर तो फिरतो का बघा. पट्ट्यावर चालणारा मोठा फॅन असेल (जुन्या आणि जड पिकअपमध्ये हाच असतो) तर त्याचा व्हिस्कस क्लच (फॅनला पुलीशी जोडणारा, आत घट्ट द्रव असलेला) सैल पडलेला असतो. गरम इंजिन बंद करून हाताने फॅन फिरवला आणि तो काहीच विरोध न करता गरागरा फिरला, तर क्लच गेला.

दहा मिनिटांची एक खात्रीशीर चाचणी: गाडी उभी, एसी चालू, आणि कन्डेन्सरवर नळीने हलकं पाणी मारा. एक-दोन मिनिटांत आतला वारा चांगला गार झाला तर दोष वाऱ्याचाच.

पुढे बसवलेले जाड गार्ड, ज्यादा दिवे आणि मोठाल्या पट्ट्या यांनी वाट अडते हे कुणी लक्षात घेत नाही. शेतातून, चिखलातून जाणाऱ्या गाडीत कन्डेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत माती-काडी-पिसांचा थर बसतो. समोरून कन्डेन्सर स्वच्छ दिसतो आणि मागून बुजलेला असतो. पाणी मागून पुढे, हलक्या दाबाने मारा. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पत्र्याच्या बारीक पात्या आडव्या होतात आणि होती तेवढीही वाट बंद होते.

९. पहिला अर्धा तास छान, मग गारवा जातो. बंद करून पुन्हा लावला की ठीक. हे काय?

दोन वेगळे आजार असेच दिसतात, त्यामुळे एकाच गोष्टीकडे लक्ष द्या: वारा कमी होतो का?

वाराच हळूहळू मंदावत असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. तापमान बघणारा सेन्सर जागेवरून निसटलेला किंवा बिघडलेला असतो, किंवा फिल्टर इतका तुंबलेला असतो की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही. एसीचं बटण बंद करून ब्लोअर तसाच चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत वारा परत आला आणि गाडीखाली भरपूर पाणी पडलं तर निदान पक्कं.

वारा तेवढाच राहून फक्त गारवा जात असेल तर गॅसमध्ये पाण्याचा अंश असू शकतो. तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात गोठतो, वाट बंद होते, थांबल्यावर वितळतो. यावर उपाय म्हणजे गॅस काढून ड्रायर (गॅसमधलं पाणी शोषणारा डबा) बदलणं, निदान अर्धा तास चांगला व्हॅक्यूम काढणं आणि नवा गॅस भरणं. व्हॅक्यूममध्ये पाणी साध्या तापमानालाही उकळून निघून जातं, म्हणून ही पायरी घाईने उरकणाऱ्याकडे काम देऊ नका. दुपारच्या गरमीत क्लच सुटत असेल तर मात्र प्रश्न ५.

१०. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो. खालचे नंबर मेले.

ब्लोअरचा रेझिस्टर जळालाय. शेवटच्या नंबरला वीज त्याला वगळून सरळ मोटरला जाते, म्हणून तो एकच उरतो. नवीन रेझिस्टर लावण्याआधी त्याचा प्लग काढून बघा. प्लॅस्टिक वितळलेलं, तपकिरी झालेलं असेल तर प्लगही बदला आणि मोटर जड फिरत नाही ना ते पाहा. नाहीतर नवा रेझिस्टरही जाईल. सर्व नंबर बंद असतील तर फ्यूज, मग मोटर. ऑटोमॅटिक एसीवाल्या गाड्यांत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं आणि लक्षणं इतकी सरळ नसतात.

११. एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला गरम. आणि गाडी चालू करताना डॅशबोर्डमधून टकटक आवाज येतो.

गार-गरम मिसळणाऱ्या फ्लॅपची छोटी मोटर. तिच्यातल्या प्लॅस्टिक गिअरचे दात तुटले की ती जागच्या जागी घसरते आणि तोच टकटक आवाज. किल्ली फिरवल्यावर काही सेकंद ऐकू येतो, मग थांबतो. दोन बाजूंना वेगळं तापमान लावता येणाऱ्या गाडीत दोन मोटरी असतात, म्हणून एकच बाजू बिघडते.

बॅटरी बदलल्यानंतर हे सुरू झालं असेल तर मोटर बदलायची घाई नको. फ्लॅपची टोकं कुठे आहेत हे कंट्रोल युनिट विसरतं आणि काही गाड्यांना ते नव्याने शिकवावं लागतं. पद्धत मॉडेलप्रमाणे वेगळी, मॅन्युअलमध्ये बघा.

आवाज नाही, मोटर ठीक, तरी एक बाजू कमी गार, असं असेल तर गॅस थोडा कमी असणंही शक्य आहे. कूलिंग कॉइलचा एकच भाग गार होतो आणि त्या बाजूच्या जाळ्यांना त्याचा फायदा मिळतो.

१२. चढ लागला किंवा जोरात ॲक्सिलरेटर दिला की वारा तोंडावरून काचेवर जातो. भुताटकी आहे का?

जुन्या पेट्रोल पिकअपवाल्यांचा हा आवडता प्रश्न. या गाड्यांत फ्लॅप इंजिनच्या व्हॅक्यूमवर हलतात. थ्रॉटल पूर्ण उघडलं की इंजिनचा व्हॅक्यूम पडतो. अशा वेळी कामी यावा म्हणून एक छोटी टाकी आणि एक वन-वे व्हॉल्व्ह दिलेला असतो. नळीला चीर गेली किंवा व्हॉल्व्ह गळका झाला की साठा टिकत नाही. आणि व्हॅक्यूम गेला की फ्लॅप काचेच्या बाजूला जावेत अशीच रचना केलेली असते, म्हणजे बाकी काही बंद पडलं तरी काच साफ राहील. दुरुस्ती बहुधा एखाद्या नळीच्या तुकड्याची असते. बॅटरीखाली आणि फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिन यांच्यामधली पत्र्याची भिंत) आधी शोधा.

१३. हीटर पूर्ण लावला तरी हवा कोमटच येते.

इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा. कमी असेल तर पुढचं काही तपासण्याआधी ती भरा आणि कुठे गेलं ते शोधा. पातळी ठीक असेल तर तापमानाच्या काट्याकडे लक्ष द्या. वीसेक मिनिटं चालवूनही तो नेहमीच्या जागी पोचत नसेल, किंवा हायवेला खाली उतरत असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९५ अंशांदरम्यान उघडतो. तो कायमचा उघडा राहिला तर इंजिन तापतच नाही. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवणाऱ्यांना हीटर मिळत नाही तो याच कारणाने, आणि डिझेलही जास्त लागतं.

काटा बरोबर असेल तर फायरवॉलमधून आत जाणाऱ्या हीटरच्या दोन रबरी नळ्या शोधा. इंजिन तापलेलं, हीटर पूर्ण. फडक्याआडून एक पकडा, मग दुसरी. दोन्ही सारख्याच कडक गरम असतील तर उष्णता आतपर्यंत पोचतेय आणि फ्लॅप तिला अडवतोय (प्रश्न ११). एक कडक आणि दुसरी जेमतेम कोमट असेल तर हीटर कोअर तुंबलाय. दोन्ही थंड असतील तर कूलंट तिथपर्यंत येतच नाही: हीटरचा व्हॉल्व्ह बंद, हवा अडकलेली, नाहीतर वॉटरपंप.

तुंबलेला कोअर दोन्ही नळ्या सोडून उलट्या दिशेने हलक्या दाबाच्या पाण्याने धुता येतो. नळाचा पूर्ण जोर लावू नका, जुना कोअर फुटतो. रेडिएटरची गळती बुजवणारी पावडर आधी कुणी टाकली असेल तर ती इथेच येऊन बसलेली असते.

डिझेल पिकअप हिवाळ्यात उशिरा गरम होते, हा स्वभाव आहे. उभी करून नुसती चालू ठेवली तर आणखीच उशीर लागतो. हळू चालवायला लागा.

१४. धावताना हीटर गरम, उभी राहिली की थंड. कूलंट तर भरलेलं आहे.

आयडलवर पंप हळू फिरतो आणि हीटर कोअरमध्ये हवेचा फुगा असेल तर कूलंट तो ढकलू शकत नाही. कूलंट नुकतं बदललं असेल तर नीट एअर काढलेली नसते. गाडीचं नाक चढावर ठेवून, इंजिन थंड असतानाच झाकण काढून, हीटर पूर्ण लावून चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. काही इंजिनांना एअर काढण्याचा वेगळा स्क्रू असतो.

एअर काढूनही ती परत परत येत असेल आणि कूलंट हळूहळू कमी होत असेल तर हेड गॅस्केटमधून (इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधलं सील) सिलिंडरचा वायू कूलंटमध्ये शिरतोय असा संशय घ्या. कूलंटमध्ये तो वायू आहे का हे रंग बदलणाऱ्या द्रावाने तपासता येतं. आधी ते करून घ्या, मग इंजिन खोलायचं की नाही ते ठरवा.

१५. ड्रायव्हरशेजारच्या पायाखालची मॅट ओली होते.

बोटाने टिपून बघा. साधं पाणी असेल तर कूलिंग कॉइलच्या पाण्याची नळी चिखलाने किंवा पानांनी तुंबली आहे. खालून मऊ वायर घालून मोकळी करा, टोकदार काही नको. चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल तर हीटर कोअर गळतोय, आणि त्याबरोबर काचेवर आतून तेलकट पातळ थर येतो. तो द्राव विषारी असतो. चाखून बघू नका, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं लांब ठेवा.

फक्त पाऊस पडल्यावरच ओली होत असेल तर एसीचा संबंध नाही. काचेखालची जाळी किंवा दाराचं रबर बघा. गाडीबाहेर खाली पाणी ठिबकणं अगदी योग्य आहे, उलट दमट हवेत ठिबकत नसेल तरच काळजी करा.

१६. काचेवर आतून वाफ धरते आणि जात नाही.

आतली हवा फिरवण्याचा मोड बंद करा, एसी चालू करा आणि तापमान गरम ठेवा. एसी हवेतलं पाणी काढतो, हीटर ती तापवून काचेवरची वाफ शोषण्याजोगी करतो, म्हणून दोन्ही एकत्र लागतात. बऱ्याच गाड्या काचेचा मोड लावला की कंप्रेसर आपोआप लावतात. एवढं करूनही वाफ राहत असेल तर बाहेरची हवा घेणारा फ्लॅप अडकलाय, किंवा कुठेतरी गालिचा ओला आहे (प्रश्न १५).

१७. एसी लावला की आंबूस, कुबट वास येतो.

ओल्या कूलिंग कॉइलवर बुरशी वाढते. केबिन फिल्टर बदला, कॉइलवर मारायचा फेस कॉइलपर्यंत पोचेल असा मारा. सुगंधी बाटली लटकवून काही होत नाही. पोचण्याआधी दोन-तीन मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवला तर कॉइल वाळते आणि वास येतच नाही.

वास गोडसर असेल तर प्रश्न १५. फिल्टरच्या खोक्यात उंदराचं घर निघणंही पिकअपमध्ये नवं नाही. तसं असेल तर हातमोजे आणि मास्क घालून साफ करा.

१८. आवाजावरून कंप्रेसर गेलाय हे कळतं का?

थोडंफार. एसी बंद असताना घरघर आणि लावल्यावर कमी, तर पुलीचं बेअरिंग. बंद असताना शांत आणि लावल्यावर खडखड, तर कंप्रेसरच्या आत. लावताक्षणी किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे पट्टा घसरतोय. इंजिन बंद केल्यावर डॅशबोर्डमागे येणारा 'स्स्स' हा दाब समान होण्याचा आवाज आहे, त्याचं काही करायचं नसतं. दमट दिवशी जाळीतून पांढरं धुकं दिसलं तर तेही निरुपद्रवी.

१९. गाडी भरलेली असताना किंवा ट्रेलर ओढताना चढावर एसी आपोआप बंद पडतो.

बहुतेकदा ते गाडीनेच ठरवलेलं असतं. पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर कंट्रोल युनिट काही क्षण कंप्रेसर सोडतं, म्हणजे सगळी ताकद चाकांना मिळते. कूलंट फार तापलं तरी सोडतं. पहिल्या प्रकारात चढ संपल्यावर गारवा लगेच परत येतो. दुसऱ्या प्रकारात काटा वर गेलेला दिसेल, आणि मग एसीचा नाही, इंजिनच्या कूलिंगचा इलाज करायचा आहे. फॅनचा क्लच आणि बुजलेला रेडिएटर आधी (प्रश्न ८).

घाटात काटा लाल रेषेकडे निघाला आणि थांबायला जागा नसेल तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावा. घाम फुटेल, पण हीटर कोअर एका छोट्या रेडिएटरचं काम करतो. जागा मिळताच थांबा.

२०. डबल कॅबमध्ये मागे बसणाऱ्यांना गारवा पोचत नाही.

मागे वेगळी कॉइल नसेल तर तिथे पोचणारी हवा म्हणजे पुढच्याच हवेचा वाटा. मधल्या कन्सोलखालून जाणारी वाहिनी निखळलेली नाही ना हे एकदा बघा. मागची सरकती काच पूर्ण बंद होते का, तिचं रबर शाबूत आहे का हेही पाहा. उन्हात उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं सगळ्या काचा उघडून पळवा, तापलेली हवा बाहेर जाऊ द्या, मग बंद करून आतली हवा फिरवण्याचा मोड लावा. नुसत्या बटणाने होणार नाही इतका फरक पडतो.

२१. नवा कंप्रेसर लावला, थोड्या महिन्यांत तोही गेला. पार्ट खोटा होता का?

असू शकतो, पण आधी जुना कंप्रेसर कसा गेला ते विचारा. आतून भरडला गेला असेल तर धातूचा चुरा सगळीकडे पसरतो. आजच्या कन्डेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की तो धुऊन निघत नाही, म्हणून अशा वेळी कन्डेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (किंवा ओरिफिस ट्यूब) बदलावेच लागतात. फक्त कंप्रेसर बदलून दिला असेल तर जुना चुरा नव्याला खातो.

दुसरं कारण तेल. नव्या कंप्रेसरमध्ये कधी तेल भरून येतं, कधी नाही, आणि प्रत्येकाचं तेल ठरलेलं असतं. बिलावर तेलाचा प्रकार आणि गॅसचं वजन लिहून घ्या.

२२. इंजिन चालू ठेवून एसी किंवा हीटर लावून कॅबमध्ये झोपलं तर चालेल का?

नाही. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. बंद शेडमध्ये, भिंतीला लागून, किंवा सायलेन्सरची नळी माती-बर्फात रुतलेली असताना धोका फार वाढतो. पिकअपची आणखी एक गोष्ट: मागे टपाचं आच्छादन असेल आणि मागची सरकती काच उघडी असेल तर गाडीमागचा धूर आत खेचला जाऊ शकतो. काचेला थोडी फट ठेवली म्हणजे झालं, या भरवशावर राहू नका. वारंवार गाडीत मुक्काम करणाऱ्यांनी बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म ठेवावा.

२३. माझ्या गाडीत कुठला गॅस आहे? एकाऐवजी दुसरा भरता येतो का?

बोनेटखालचं स्टिकर बघा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांत आर-१२ होता. ओझोन थराला तो घातक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो मागे पडला आणि आर-१३४ए आला. १३४ए मुळे पृथ्वी तापते, म्हणून आता अनेक नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. युरोपीय महासंघात तर २०१७ पासून नव्या प्रवासी मोटारींत १३४ए भरायला बंदी आहे.

वायएफच्या जागी स्वस्त म्हणून १३४ए भरू नका. नळ्यांची तोंडं मुद्दाम वेगळी केलेली असतात. अडॅप्टर लावून भरलेल्या मिश्र गॅसला पुढे कुठलंही चांगलं गॅरेज आपलं मशीन लावणार नाही. वायएफ किंचित ज्वालाग्राही आहे, तेव्हा त्याचं काम त्यासाठीच्या मशीनवर. घरगुती सिलिंडरचा गॅस एसीत भरणारे महाभागही असतात. केबिनमध्ये लीक झाला तर काय होईल ते सांगायला नको.

२४. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक पिकअपला हेच सगळं लागू पडतं का?

फ्लॅप, ब्लोअर, फिल्टर, पाण्याची नळी यांबद्दलचं सगळं लागू. कंप्रेसरबद्दलचं नाही. तो पट्ट्यावर चालत नाही, उच्च दाबाच्या विजेवर चालतो. नारिंगी केबल दिसली की हात मागे घ्या. त्यात बहुधा पीओई जातीचं तेल असतं, कारण ते वीज वाहू देत नाही. साध्या गाडीचं पीएजी तेल थोडंसं जरी मिसळलं तरी इन्सुलेशन बिघडून गाडी दोष दाखवते आणि सुरूच होत नाही. म्हणून तुमच्या गाडीला गॅस भरण्याआधी त्या मशीनच्या नळ्यांत मागच्या गाडीचं तेल राहिलेलं नाही ना, हे विचारून घ्या.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिनचं गरम कूलंट नसतं, तर विजेचा हीटर किंवा हीट पंप असतो. हीट पंपवाल्या गाडीत तोच गॅस हिवाळ्यात उष्णताही देतो. त्यामुळे गॅस कमी झाल्याचं पहिलं लक्षण कडाक्याच्या थंडीत, हीटर कमी पडतोय म्हणून दिसू शकतं. शिवाय अनेक गाड्यांत मोठी बॅटरीही याच गॅसवर गार होते. एसी बिघडलेला असताना चार्जिंग मंदावलं, तर ती वेगळी तक्रार म्हणून नोंदवू नका. दोन्ही गोष्टी सर्व्हिस सेंटरला एकत्र सांगा.